राजा खट्वांगाचा प्रश्न

श्रीमद्भागवताचा सप्ताह ज्याने एकदा तरी ऐकला आहे त्याला परीक्षिती राजा ठाऊक असतो. सातव्या दिवशी तक्षक दंश करील असा शाप झाला, राजा गंगेच्या काठी जाऊन बसला, शुकाचार्य आले आणि कथेला आरंभ झाला. परंतु त्या कथेच्या तोंडाशीच, दुसऱ्या स्कंधाच्या पहिल्या अध्यायात, शुकाचार्य आणखी एका राजाचे नाव घेतात. आम्ही कीर्तनकार मंडळी त्याच्यावरून घाईघाईने पुढे जातो. मीही कित्येक वर्षे तसाच गेलो. तो राजा खट्वांग.

नवव्या स्कंधात त्याचे वर्तमान पुन्हा आले आहे. हा सूर्यवंशातला. देवांनी त्याला दैत्यांशी लढण्यासाठी बोलावले, त्याने दैत्यांना जिंकले, आणि देव प्रसन्न झाले. पुढची गोष्ट विष्णुपुराणात अधिक स्पष्ट आहे. देव म्हणाले, वर माग. राजा म्हणाला, वर घेतलाच पाहिजे असे असेल तर माझे आयुष्य किती उरले आहे एवढे सांगा. देवांनी सांगितले, एक मुहूर्त. म्हणजे दोन घटका; आपल्या घड्याळाची अठ्ठेचाळीस मिनिटे. राजा तडक खाली आला आणि जे करायचे ते त्याने त्या दोन घटकांत केले.

आता ह्यात माझे मन कुठे अडकते ते सांगतो. राजाच्या वैराग्याबद्दल पुष्कळ बोलले गेले आहे. मला देवांचे नवल वाटते. देव प्रसन्न होते, राजाने त्यांच्यासाठी रक्त सांडले होते. 'आहे की अजून पुष्कळ, काळजी कशाला करतोस?' असे म्हणणे त्यांना किती सोपे होते! पण त्यांनी आकडा फुगवला नाही. विचारले तेवढे आणि होते तेवढे सांगितले.

आज हा प्रश्न देवांना कोणी विचारीत नाही. तो विचारला जातो रुग्णालयाच्या बोळात, बायोप्सीचा कागद हातात धरून, आजारी माणसाला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात : 'डॉक्टर, किती दिवस?' आणि दुसरा विचारला जातो आम्हाला. मी लहानपणी पाठशाळेत शिकलो, संस्कृत येते, म्हणून लोकांना वाटते बुवांना पंचांगातले कळत असेल. कर्करोगाने खंगलेल्या माणसाची पत्रिका घेऊन लोक माझ्या ओसरीवर आलेले आहेत. ती पत्रिका मी उघडत नाही. परंतु पत्रिका न उघडताही मी एकदा खोटे भविष्य सांगितले आहे. तेच आज लिहायचे आहे.

सन २०१७ ची गोष्ट. आमच्या दिंडीचे वीणेकरी. त्यांना सगळे आप्पा म्हणत. दिवाळीपासून त्यांचा घास अडकत होता. आधी भाकरी अडकू लागली, मग भात, मग नुसती पेज तेवढी उतरे. माघात जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात तपासण्या झाल्या. अन्ननलिकेचा कर्करोग निघाला, आणि तो यकृतापर्यंत गेलेला. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितले, आता केमो आणि शेक देऊन रोग हटण्यासारखा नाही. नळी बसवू म्हणजे पातळ काही पोटात जाईल, दुखणे कमी राहील असे औषध देऊ. मुलाने विचारले, 'किती दिवस?' डॉक्टर म्हणाले, 'नक्की सांगता येत नाही. सहा महिने धरा.'

त्या 'धरा' शब्दाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. 'नक्की सांगता येत नाही' हे तर रुग्णालयाच्या पायऱ्या उतरेपर्यंतच विसरले गेले. घरी पोचला तो नुसता आकडा. माघ वद्यापासून सहा महिने म्हणजे श्रावण वद्य. म्हणजे आषाढी पदरात पडली! घरच्यांना तेवढाच धीर आला. आप्पांना मात्र काही कळू द्यायचे नाही असे ठरले. अल्सर आहे, वेळ लागेल, असे सांगायचे. मलाही विश्वासात घेतले आणि मी मान डोलावली.

आप्पांची दोन कामे राहिली होती. एक, त्यांच्या गळ्यातली वीणा पुढे कोणाच्या गळ्यात जायची ते त्यांनी सांगायचे होते. आणि दुसरे, धाकट्या भावाशी बांधावरून नऊ वर्षे अबोला होता तो मिटवायचा होता. हा विषय त्यांनी स्वतः दोनदा माझ्याजवळ काढला होता. मुलगा म्हणाला, 'महाराज, आत्ताच काकांना बोलावलं तर आप्पांना संशय येईल. आषाढीला सगळे जमतातच, तेव्हा मिटवू.' मलाही ते पटले. सहा महिने हातात होते ना!

चैत्रात मी भेटायला गेलो. महिन्यापूर्वी ओसरीवर बसणारा माणूस आता माजघरात अंथरुणाला टेकलेला होता. चार चमचे दूध जात होते. पाय सुजले होते. मी जवळ बसलो. त्यांनी विचारले, 'बुवा, मला आषाढी दिसंल का?'

मी म्हणालो, 'दिसेल की! पांडुरंग आहे.'

त्यांनी माझ्याकडे पाहिले, 'बरं' म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केले.

अक्षय्य तृतीयेनंतर चौथ्या दिवशी आप्पा गेले. माघ वद्यापासून मोजले तर जेमतेम अडीच महिने. भाऊ अंत्ययात्रेला आला, त्याने खांदा दिला. तेरावे झाल्यावर तो माझ्याकडे येऊन बसला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, 'बुवा, तुम्हाला ठाऊक होतं ना? एक निरोप धाडायचा होता. मी काय आलो नसतो?'

पांडुरंग आहे हे खरेच आहे. परंतु त्या दिवशी ते मी उत्तर म्हणून बोललो नाही. दार लावून घेण्यासाठी बोललो. आप्पांनी मला खट्वांगाचा प्रश्न विचारला होता, आणि मला देवांइतके सरळ बोलवले नाही.

पुढे एका गावी सप्ताहात एक डॉक्टर श्रोते म्हणून भेटले. ते पॅलिएटिव्ह केअरचे काम करतात. हा शब्द पुष्कळांनी ऐकला नसेल. रोग समूळ जाण्यासारखा नसला तरी वेदना, धाप, उलटी, झोप न लागणे, मनाची तगमग, घरच्यांची ओढाताण ह्या सगळ्यांवर उपाय करणारी ही वैद्यकाची शाखा आहे. मराठीत कोणी तिला परिहार सेवा म्हणतात. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स ह्या बाईंनी १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस काढले, तिथून तिला आजचे रूप आले. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले, ते आपल्या देशातले असे पहिले. मी त्या डॉक्टरांना आप्पांची हकीकत सांगितली आणि जरा रागानेच विचारले, सहा महिन्यांचे अडीच महिने कसे झाले?

ते म्हणाले, 'महाराज, त्या डॉक्टरांवर रागावू नका. सगळ्या जगाची हीच चूक आहे.' आणि त्यांनी मला जे सांगितले ते मी घरी येऊन वहीत उतरून ठेवले.

अमेरिकेत शिकागो येथे निकोलस ख्रिस्ताकिस आणि एलिझाबेथ लॅमाँट ह्या दोघांनी हाच प्रश्न तपासला. तो अभ्यास २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. पाच हॉस्पिसांतले ४६८ रुग्ण, त्यांतले बहुतेक कर्करोगाचे. आणि त्यांना तिथे पाठवणारे ३४३ डॉक्टर. प्रत्येक डॉक्टरला विचारले, तुमचा हा रुग्ण किती दिवस जगेल असे वाटते? मग प्रत्यक्ष काय झाले ते पाहिले. शंभरात फक्त वीस अंदाज बऱ्यापैकी बरोबर आले. सतरा अंदाज होते त्याहून कमी निघाले. आणि त्रेसष्ट अंदाज होते त्याहून जास्त! सरासरीने पाहिले तर डॉक्टरांनी खऱ्या आयुष्याच्या पाचपटीहून जास्त आयुष्य सांगितले होते. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली, ती ऐकून मी गप्पच झालो. डॉक्टर आणि रुग्ण ह्यांची ओळख जितकी जुनी तितका अंदाज अधिक चुकत होता. म्हणजे हे अज्ञान नव्हे, ही माया आहे. आपल्या माणसाकडे पाहताना डॉक्टरचाही डोळा ओला होतो.

ह्याच दोघांनी पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट छापली. त्यांनी डॉक्टरांना दोन वेगवेगळे प्रश्न विचारले होते. तुम्हाला मनातून किती दिवस वाटतात? आणि कर्करोगाच्या रुग्णाने आग्रहाने विचारलेच तर तुम्ही त्याला किती सांगाल? मनातला आकडा मध्यमानाने निघाला ७५ दिवस. सांगण्याचा आकडा ९० दिवस. आणि रुग्ण प्रत्यक्ष जगले ते २६ दिवस. जे मनात आहे तेच सरळ सांगू म्हणणारे डॉक्टर शंभरात सदतीस.

हे तीन आकडे नीट ध्यानात घ्या. काळाजवळ सव्वीस, डॉक्टरच्या मनात पंचाहत्तर, रुग्णाच्या कानात नव्वद. आणि मी म्हणतो, घरच्यांनी दिनदर्शिका काढून हिशेब केला की तो आणखी वाढतो. माझ्यासारखा बुवा येऊन 'पांडुरंग आहे' म्हणाला की त्याला अंतच राहत नाही.

मात्र डॉक्टरांचा अंदाज अगदीच टाकाऊ आहे असेही समजू नका. २००३ साली अशा आठ अभ्यासांतले दीड हजारांहून अधिक अंदाज एकत्र करून पाहण्यात आले. सांगितलेले दिवस मध्यमानाने ४२, प्रत्यक्षात २९. आकडा चुकला खरा, पण ज्याला थोडे सांगितले तो खरोखर लवकर गेला आणि ज्याला पुष्कळ सांगितले तो मागाहून गेला, हे साधारणपणे जुळले. म्हणजे दिशा बरोबर असते, माप सैल असते. शिंप्याने सैल शिवले म्हणून कपडा दुसऱ्याचा होत नाही.

ह्या 'मध्यमान' शब्दाने मी आधी गोंधळलो होतो. वारकऱ्यांना तो समजायला सोपा आहे. कोणी विचारले, 'दिंडी वाखरीला किती वाजता पोचेल?' तर आपण म्हणतो, 'चारला.' पण चारला कोण पोचतो? मधली रांग. पताकावाले त्याआधी पोचतात, आणि पायाला फोड आलेली म्हातारी दिवेलागणीला येते. दिंडी एकच, वाट एकच. डॉक्टर जेव्हा 'तीन महिने' म्हणतात तेव्हा त्यांना मधली रांग दिसत असते. आपला माणूस पुढच्या रांगेत आहे की मागच्या, हे त्या आकड्यात लिहिलेले नसते.

म्हणून आता नुसत्या नजरेवर न विसंबता मोजपट्ट्या निघाल्या आहेत. कॅनडातल्या व्हिक्टोरिया येथील हॉस्पिसमध्ये १९९६ साली एक मोजपट्टी तयार झाली. हिंडताफिरता धडधाकट माणूस म्हणजे शंभर, मृत्यू म्हणजे शून्य. मध्ये दहादहाच्या पायऱ्या. चालतो का, की बहुतेक वेळ बसून असतो, की पडून असतो, आंघोळ आपण करतो की करवावी लागते, खातो किती, शुद्ध कशी आहे. जपानात मोरिता ह्या डॉक्टरांनी १९९९ साली ह्या मोजपट्टीला आणखी चार गोष्टी जोडल्या : तोंडाने जाणारे अन्न किती, अंगावर सूज आहे का, स्वस्थ पडून असतानाही धाप लागते का, आणि भ्रम होतो का. प्रत्येकाला गुण दिले. बेरीज सहाच्या वर गेली तर तीन आठवड्यांहून कमी काळ उरला असावा, असा त्यांचा कयास. त्याच सुमारास इटलीतल्या डॉक्टरांनी दुसरी रीत काढली. तिच्यात भूक नसणे, धाप आणि अंगातली शक्ती ह्यांबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाहतात, आणि डॉक्टरचा स्वतःचा अंदाजही त्यात एक माप म्हणून घालतात. उत्तर दिवसांत येत नाही. हा रुग्ण पुढचे तीस दिवस काढील ह्याची शक्यता शंभरात सत्तरहून जास्त, की तीस ते सत्तर, की तीसहून कमी, असे तीन गट पडतात. मला हे प्रामाणिक वाटले. इंग्लंडमध्ये २०११ साली छापलेल्या अभ्यासात तर तीनच कप्पे केले : 'दिवस', 'आठवडे' आणि 'महिने'. तेरा दिवसांपर्यंत पहिला, चौदा ते पंचावन्न दिवस दुसरा, त्यापुढे तिसरा. तिथेही असे दिसले की रक्ताच्या तपासणीसह केलेले गणित एकट्या डॉक्टरच्या किंवा एकट्या परिचारिकेच्या अंदाजाहून सरस ठरते; पण डॉक्टर आणि परिचारिका दोघांनी मिळून केलेल्या अंदाजाला ते मागे टाकीत नाही. जी बाई रोज अंथरूण बदलते तिला विचारायचे राहू नये, एवढे मी त्यातून घेतले.

हे वाचून घरी कोणी आप्पांची गुणपत्रिका मांडू नये. ते काम शिकलेल्याचे आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात बारा अध्याय मरणचिन्हांचेच आहेत. तिथे म्हटले आहे की फूल जसे येणाऱ्या फळाची वर्दी देते तसे अरिष्ट हे मरणाची वर्दी देते. पण त्याच ठिकाणी असाही इशारा आहे, की जे अरिष्ट नाही त्याला अरिष्ट समजणे आणि जे आहे ते न ओळखणे, हे दोन्ही बुद्धीचे दोष आहेत. आजचे डॉक्टर हेच दुसऱ्या शब्दांत सांगतात. कर्करोगाचा माणूस एकाएकी बडबडू लागला, कोणाला ओळखेना, तर तो शेवटचा भ्रमच असे नाही. अंगातले पाणी कमी झालेले असेल, लघवीत किंवा छातीत जंतूंचा दोष झाला असेल, रक्तात कॅल्शियम वाढले असेल, एखादे औषध जास्त होत असेल. ह्यांतल्या पुष्कळ गोष्टींवर उपाय असतो आणि माणूस पुन्हा ताळ्यावर येतो. म्हणून आधी डॉक्टरला कळवावे, मग गंगाजळाची बाटली शोधावी.

घरच्यांना कळण्यासारखी एक गोष्ट मात्र त्या डॉक्टरांनी मला सांगितली. आकडा पाहू नका, वेग पाहा. महिन्यामहिन्याने फरक पडत असेल तर महिन्यांची भाषा करावी. गेल्या आठवड्यात अंगणात येत होता, ह्या आठवड्यात उंबऱ्यापाशी थांबतो, असे असेल तर आठवड्यांची. आणि काल बसत होता, आज कूस बदलवावी लागते, असे झाले तर दिवस राहिले आहेत असे समजून लेकीला फोन करावा. मी हे ऐकले आणि आप्पांचा चैत्र डोळ्यांपुढे उभा राहिला. ओसरी, मग माजघर, मग भिंत. सगळे माझ्यासमोर होत होते. मी मात्र माघातला आकडा धरून बसलो होतो.

आता कोणी विद्वान मला अडवतील. म्हणतील, बुवा, चरकाचा दाखला देता तर पुरा द्या. खरे आहे. चरकाचार्यांनी त्याच इंद्रियस्थानाच्या शेवटी वैद्याला बजावले आहे, की मरण जवळ आलेले दिसत असले तरी न विचारता ते बोलू नये. आणि विचारले तरी, जिथे सांगण्याने रोग्याला किंवा आणखी कोणाला अपाय होईल तिथे बोलू नये. पुष्कळ घरांत हा नियम श्लोक ठाऊक नसताना पाळला जातो. 'त्यांना सांगू नका हं डॉक्टर', हे वाक्य कोणत्याही कॅन्सरच्या दवाखान्यात दिवसातून किती वेळा ऐकू येत असेल!

मी ह्या वचनावर पुष्कळ विचार केला. शास्त्राने मौन सांगितले आहे, पण 'आषाढी दिसेल' असे बोलायला कुठे सांगितले आहे? मौन आणि असत्य ह्यांत अंतर आहे. दुसरे, शास्त्राने अपाय पाहायला सांगितला. अपाय कशाने झाला? आप्पांना सांगितले असते तर ते रडले असते, एखादा दिवस जेवले नसते. न सांगितल्याने भाऊ भावाला भेटला नाही. ह्यांत मोठा अपाय कोणता, हे ठरवायला मोठी विद्या लागत नाही. आणि तिसरे, आचार्यांनी विचारणाऱ्याचा आणि न विचारणाऱ्याचा भेद केला आहे. काही माणसांना खरोखर जाणून घ्यायचे नसते. त्यांच्या कानात बळेच आकडा ओतणे ही क्रूरताच. म्हणून आधी त्यालाच विचारायचे असते, की तुम्हाला आजाराबद्दल कितपत जाणून घ्यावेसे वाटते? हा प्रश्न मी आप्पांना कधी केला नाही. उलट त्यांनी आपण होऊन विचारले ते मी टाळले.

आणखी एक भीती घराघरांत असते. पॅलिएटिव्हवाल्यांना बोलावले म्हणजे आशा सोडली, माणूस लवकर जाणार. ह्याविषयी एकच दाखला पुरे. अमेरिकेत बॉस्टन येथे फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर एक प्रयोग झाला, तो २०१० साली छापला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार दिले. अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर आरंभापासूनच ही सेवाही दिली. ह्या दुसऱ्या गटातले लोक मनाने अधिक स्वस्थ राहिले, शेवटी-शेवटी त्यांच्यावर जोरकस उपचारांचा मारा कमी झाला, आणि तरी ते मध्यमानाने ११.६ महिने जगले. पहिल्या गटातले ८.९ महिने. मॉर्फिनच्या नावानेही लोक दचकतात. दुखण्याला बेतून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य तुटत नाही.

आप्पांच्या नंतर सात वर्षांनी मला दुसरी परीक्षा आली. आमच्याच दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या एक मावशी होत्या. स्तनाचा कर्करोग, तो हाडांत उतरलेला. २०२४ च्या फाल्गुनात त्यांच्या घरी अशाच सेवेचे डॉक्टर आणि एक नर्सबाई येऊ लागल्या. एकदा त्या वेळी मी तिथे होतो. डॉक्टर खुर्चीवर न बसता अंथरुणाशी जमिनीवर बसले, हे मला आवडले. त्यांनी मावशींनाच विचारले, 'आजाराबद्दल तुम्हाला काही विचारायचंय का?' सून मागून खुणा करीत होती, नको-नको म्हणून. मावशी म्हणाल्या, 'मला आषाढीला जायाचंय. जमंल का तेवढं सांगा.'

तोच प्रश्न! मी श्वास धरून बसलो.

डॉक्टर म्हणाले, 'मावशी, जमावं असं मलाही वाटतं. पण तुमची तब्येत गेल्या दोन महिन्यांत जशी उतरली ती पाहता मला भरवसा वाटत नाही. मला आठवडे दिसतात, कदाचित दोन-तीन महिने. चुकलो तर मला आनंदच आहे. पण पंढरपूर महत्त्वाचं असेल तर थांबू नका.'

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, 'चैत्री हाय की.' वारकऱ्याला वर्षाच्या चार वाऱ्या ठाऊक असतात, त्याचा असा उपयोग होईल असे मला कधी वाटले नव्हते. चैत्र शुद्ध एकादशीला त्यांना गाडीत गादी घालून नेले. दुखू नये म्हणून औषध बरोबर होते. गर्दीत आत जाणे शक्य नव्हते. कळसाचे दर्शन घेतले, चंद्रभागेचे पाणी डोळ्यांना लावले, आणि परत आल्या. त्याच आठवड्यात त्यांनी दोन्ही लेकींना बोलावून दागिन्यांची वाटणी केली. थोरलीशी थोडे वाजलेही, कारण मावशींच्या मनात पाटल्या धाकटीला द्यायच्या होत्या. पण जे वाजायचे ते त्यांच्या देखत वाजले आणि त्यांच्या देखत मिटले.

आणि गंमत पाहा! मावशी ज्येष्ठात होत्या. आषाढीला होत्या. श्रावणात त्यांनी नातवाकडून उकडीचे दिंड करवून घेतले आणि ते बिघडवले म्हणून त्याला बोलल्या. शेवटच्या भेटीला म्हणून लांबून आलेले पाहुणे दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा येताना त्यांनाच संकोच वाटू लागला. त्या भाद्रपदात गेल्या, सहा महिन्यांनी. डॉक्टरांचा अंदाज चुकला. शंभरातल्या त्या सतरांपैकी हा एक. पण ह्या चुकीचा घरात कोणालाही राग नव्हता. आप्पांच्या घरी आकडा लांबला आणि सगळे राहून गेले. इथे आकडा आखूड निघाला, त्याने काय नुकसान झाले? पाहुण्यांचे थोडे एसटीभाडे!

म्हणून ज्यांच्या घरी असा आजारी आहे त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे. 'किती दिवस?' असे बोळात उभ्याने विचारू नये. त्याला उत्तरही उभ्यानेच मिळते. बसून विचारावे. 'दिवस, आठवडे की महिने, ह्यांतले आपल्याला काय वाटते? फार चांगले झाले तर किती, आणि वाईट झाले तर किती?' असे दोन्ही काठ विचारावेत. मग राहिलेली कामे जवळच्या काठाने मोजावीत आणि आशा लांबच्या काठाने धरावी. डॉक्टर पुन्हा आले की पुन्हा विचारावे, कारण माघातला अंदाज चैत्रात शिळा होतो. दुखणे फार असेल तर आधी दुखण्याचे औषध मागावे. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला भावाची आठवण कुठून होणार?

आणि आमच्या कीर्तनकार बंधूंनाही एक सांगणे आहे. अशा घरी गेल्यावर घरच्यांना थोडा वेळ बाहेर पाठवावे. माणूस काही विचारील तर उत्तर माहीत नसले तरी चालेल. 'मला ठाऊक नाही, पण तुमच्या मनात काय राहिले आहे ते सांगा', एवढे म्हणता येते. हे शिकायला मला साठी उलटावी लागली.

आप्पांची वीणा आता त्यांच्या पुतण्याच्या गळ्यात आहे. बांध अजून तिथेच आहे. दोन्ही बाजूंनी ज्वारी असते. दर शुद्ध एकादशीला कीर्तन झाल्यावर मी देवळाच्या पारावर तासभर बसतो. ज्यांच्या घरी असे दुखणे आहे त्यांनी खुशाल यावे. पत्रिका आणू नये.

रामकृष्णहरी.